गाडी रस्त्यावर, सामान गॅरेजमध्ये

पुण्यातलं एरंडवणं, नाशिकचा कॉलेज रोड, सांगलीचं विश्रामबाग, कोल्हापूरचा ताराबाई पार्क. या भागांत जे जुने बंगले अजून उभे आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी फाटकाच्या आत एका अंगाला गॅरेज असतं आणि घरची गाडी मात्र बाहेर रस्त्याच्या कडेला, धूळ आणि झाडाचा पाला झेलत उभी असते. आत काय आहे ते शटर अर्धं वर केलं तरी कळतं. मोडका पाळणा, हवा गेलेल्या सायकली, रंगाचे डबे, टीव्हीचा रिकामा खोका, गणपतीचं मखर, वाकलेली शिडी, बारशाला आणलेली मोठी पातेली.

यातला थोडा दोष गाडीकडेही जातो. यातली बरीच गॅरेजं फियाट डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी ती गाडी, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले, जेमतेम १.४६ मीटर रुंद होती. आजची मध्यम आकाराची एसयूव्ही १.८ मीटरच्या आसपास असते, आरसे सोडून. नऊ फुटी गॅरेज म्हणजे २.७४ मीटर. त्यात फियाट उभी केली की दोन्ही बाजूंना मिळून १.२८ मीटर जागा उरायची. एसयूव्ही घातली तर ९४ सेंटिमीटर उरते, म्हणजे एका बाजूला दीड फूट. एवढ्यात दार उघडून जाड माणसाला उतरता येत नाही. मग गाडी एकदा बाहेर राहते, दोनदा राहते, आणि रिकाम्या जागेत पहिला खोका येऊन बसतो.

तो खोका नेहमी ‘तात्पुरता’ येतो. स्वयंपाकघरात भांडी वाढली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोलतं, कारण तिथे रोज वावर असतो. गॅरेजबद्दल घरात कुणीच बोलत नाही. ती खोली कुणाच्याही नावावर नसते. ‘टाकू की ठेवू’ हे ज्या वस्तूबद्दल ठरत नाही ती तिथे जाते, आणि एकदा शटर खाली ओढलं की तो प्रश्नही मागे पडतो.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या अभ्यासकांनी २००१ ते २००५ या काळात तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांची घरं आतून-बाहेरून नोंदवली. खोलीगणिक वस्तू मोजल्या, छायाचित्रं काढली. जीन अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम २०१२ मध्ये पुस्तकरूपात आणलं. त्यात आढळलं ते असं, की चारांपैकी तीन गॅरेजांत गाडीला जागाच नव्हती. त्याच प्रकल्पातून डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांचा २०१० चा शोधनिबंध निघाला. आपल्या घराचं वर्णन करताना ज्या बायकांच्या तोंडी पसारा, अर्धवट कामं असे शब्द वारंवार येत होते, त्यांच्या शरीरातलं ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसारा नुसता घरात राहत नाही, डोक्यातही राहतो, हे त्यावरून दिसतं.

वस्तू हातून सुटत का नाही, यावरही चांगलं काम झालेलं आहे. डॅनियल काह्नमन, जॅक क्नेश आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला कपांचा प्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे साधे कप भेट दिले आणि मग विकायला सांगितलं. ज्यांच्याकडे कप होता ते जी किंमत मागत होते ती, ज्यांच्याकडे नव्हता ते देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. कप तोच, फरक एवढाच की तो काही मिनिटांपूर्वी आपला झाला होता. मग पंचवीस वर्षं आपली असलेली मिक्सरची मोटर सुटणं किती कठीण असेल! या प्रयोगातून एक उपयोगी प्रश्न मात्र निघतो. वस्तू हातात घेऊन ‘ही टाकू का’ असं विचारू नये. ‘ही आज माझ्याकडे नसती, तर पैसे देऊन आणली असती का’ असं विचारावं. उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं.

गॅरेज आवरायचं ठरलं की माणूस आधी रॅक आणायला धावतो. माझं म्हणणं आहे की रॅक सगळ्यात शेवटी आणावं. आधी त्या खोलीचा स्वभाव ओळखावा. गॅरेज ही घरातली खोली असली तरी तिचं हवामान घरासारखं नसतं. खाली उघडी किंवा कोब्याची जमीन, वर पत्रा किंवा उघडा स्लॅब, एका बाजूला शटर आणि त्याच्या तळाशी फट. उन्हाळ्यात ती तापते, पावसाळ्यात ती ओलावते, आणि वर्षभर तिच्यात किडा-मुंगी ये-जा करते. तिथे काय टिकेल आणि काय टिकणार नाही हे या तीन गोष्टींवर ठरतं. आपण नेमकं उलट करतो. घरात नको झालेलं, पण फेकवत नाही असं, म्हणजे जे जपायचं आहे तेच, घरातल्या सगळ्यात वाईट हवेच्या जागेत नेऊन ठेवतो. लग्नाचे अल्बम, वडिलांची प्रमाणपत्रं, आईच्या पैठणीची पेटी, मुलांच्या वह्या. हे सामान गॅरेजमध्ये असूच नये. घरात कपाटाचा एक कप्पा त्याच्यासाठी मोकळा करावा, मग बाकीच्या आवराआवरीला हात घालावा.

ओलाव्याचं गणित जरा बघू. लोखंड गंजायला पाणी थेंबाथेंबाने पडावं लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत, पुण्यातही हवा दिवसचे दिवस याच्या पुष्कळ वर असते. त्यामुळे पान्हे, पक्कड, करवतीची पाती, खुरपं, कुदळ यांच्यावर मे महिन्यात मशीनच्या तेलाचं फडकं एकदा फिरवलं तर चार महिने निभतात. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. टाकी धुवायला आणलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, अर्धी उघडी राहिली तर तिच्यातून सुटणारा क्लोरीन आजूबाजूचं सगळं लोखंड खातो. एखाद्या कोपऱ्यातलीच हत्यारं जास्त गंजलेली दिसली तर आधी ती पिशवी शोधावी. ती आणि संडास धुण्याचं ॲसिड एका फळीवर तर मुळीच नको. दोन्ही सांडून एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू बंद खोलीत भरतो.

जमीनही ओलावा देते. काँक्रीटला असंख्य बारीक छिद्रं असतात. दिव्याची वात तेल वर ओढते तसा कोबा मातीतला ओलावा वर ओढतो. म्हणून जमिनीवर टेकवलेला खोका तळातून मऊ होतो, आणि वरचं कोरडं बघून आपल्याला ते कळत नाही. जमिनीपासून चार बोटं आणि भिंतीपासून दोन बोटं अंतर, हे गॅरेजमधल्या प्रत्येक वस्तूला हवं. विटांवर फळी टाकली तरी काम होतं. या अंतराचा दुसरा फायदा वाळवीच्या बाबतीत होतो. जमिनीतली वाळवी कोरड्या हवेत उघड्यावर चालू शकत नाही, तिचं शरीर लगेच सुकतं. म्हणून ती मातीचे बोगदे बांधत वर चढते. खोका भिंतीला टेकलेला असला की तो बोगदा मागच्या बाजूने, आपल्या नजरेआड जातो. मधे मोकळी जागा असली की मातीची ती बारीक रेघ भिंतीवर दिसते आणि वेळेत उपाय करता येतो. पुठ्ठा हे वाळवीचं खाद्यच आहे. त्यामुळे पुठ्ठ्याचे खोके गॅरेजमधून घालवले, झाकणाचे प्लास्टिकचे डबे किंवा पत्र्याच्या जुन्या पेट्या घेतल्या, की निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. आजीच्या काळची पत्र्याची ट्रंक याबाबतीत आजही उत्तम आहे.

बांधकामातून उरलेली सिमेंटची अर्धी गोणी जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये असते. सिमेंट हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू घट्ट होऊ लागतं आणि त्याची ताकद कमी होते. बांधकामावर तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरत नाहीत. आपल्याकडची गोणी तीन वर्षांची असते. तिचा दगड झालेला नसला तरी भिंतीला वापरू नये. बागेतला एखादा खड्डा बुजवून मोकळं व्हावं. याउलट उरलेल्या फरशा मात्र जरूर ठेवाव्यात, निदान एक पेटी. फरशीची छटा दर बॅचला थोडी बदलते. उद्या नळासाठी जमीन फोडावी लागली तर तीच छटा बाजारात मिळत नाही. फक्त त्या उभ्या ठेवाव्यात आणि पेटीवर खोलीचं नाव लिहावं.

जमिनीलगतचा ढीग आणखी एका कारणाने वाईट. घरातला छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. शटरच्या तळाची फट त्याला भरपूर होते. उंदीर आले की त्यांच्या मागे साप येतात, आणि महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. कोकणात लाल विंचवाची भर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण खाली आणलं, त्यांचं काम १९८० च्या दशकापासून लॅन्सेटमध्ये छापून येत आहे, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दंशांची मुळं ओळखीची आहेत: कौलांचा ढीग, लाकडांची मोळी, विटांची रास, कोपऱ्यात ठेवलेला बूट. शटरला तळाशी रबराची पट्टी बसवावी आणि खोकं उचलताना हात आधी खाली घालू नये. काठीने हलवावं, मगच उचलावं.

आता आगीबद्दल, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे, कारण बाकी चुकांत सामान जातं, इथे माणूस जातो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या हवेत ते कायमच वाफ सोडत असतं. ती वाफ हवेच्या तीन-चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीवरून सरपटत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून ‘डबा लांब कोपऱ्यात आहे’ याला काही अर्थ नाही. स्कूटरसाठी, जनरेटरसाठी बाटलीत काढून ठेवलेलं पेट्रोल गॅरेजमध्ये नकोच. घरगुती गॅसही हवेपेक्षा जड असतो, तोही तळाशी साचतो. जादाचा सिलिंडर बंद शटरमागे ठेवण्याची सवय मोडायला हवी. थिनर, टर्पेंटाइन हे ज्याचं त्याच्या मूळ डब्यात, झाकण घट्ट, उन्हापासून दूर. मिनरल वॉटरच्या बाटलीत थिनर भरून ठेवलेला मी पाहिला आहे. लहान मूल ती बाटली तोंडाला लावणार नाही याची खात्री कोण देईल?

एक धोका असा आहे ज्याला काडी लागतच नाही. लाकडाला जवसाचं तेल किंवा त्यावर आधारित पॉलिश लावून झालं की आपण चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकतो. हे तेल सुकतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चिंधी पसरलेली असली तर उष्णता उडून जाते. बोळ्याच्या पोटात ती साठत जाते, आणि काही तासांनी चिंधी आपोआप पेटू शकते. अशा चिंध्या उघड्यावर, एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. सुतारांना हे सांगावं लागत नाही. सुट्टीत हौसेने रंगकाम करणाऱ्यांना सांगावं लागतं.

इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिला हवा खेळती हवी, वर कपड्यांचं गाठोडं नको. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावायची असेल तर तिच्याभोवती हातभर तरी काही जळणारं नसावं, आणि तिची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. आणि शटर खाली असताना आत इंजिन चालू करू नये, एका मिनिटासाठीसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

सोसायटीत राहणाऱ्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. खांबांमधली पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा मुद्दा निकाली काढला. ती जागा सामाईक आहे. तिथे कपाट, गाद्या, जुना सोफा ठेवणं म्हणजे आग लागली तर सगळ्या इमारतीच्या जिन्याखाली सरपण ठेवणं होय.

इथवर आलं की गॅरेजमध्ये काय राहू नये हे बरंच ठरलेलं असतं. उरलेल्याचं काय करायचं, हे शिकायला दूर जावं लागत नाही. चिंचवड, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांत काम केलेला प्रत्येक माणूस ‘फाइव्ह एस’ ओळखतो. जपानी कारखान्यांतून आलेली, टोयोटामुळे जगभर पसरलेली ही पद्धत: आधी नको ते वेगळं काढा, उरलेल्याला जागा ठरवा, स्वच्छ ठेवा, त्याचा नियम करा, नियम पाळा. भिंतींवर त्याचे तक्ते लागलेले असतात, ऑडिट होतात, गुण मिळतात. तोच माणूस घरी येऊन स्वतःच्या गॅरेजचं शटर उघडायला कचरतो. कारण कारखान्यात वस्तू कंपनीची असते. घरात ती आजोबांची असते.

कारखान्यातली लाल चिठ्ठीची रीत मला घरासाठी फार योग्य वाटते. ज्या वस्तूबद्दल खात्री नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची, तिच्यावर तारीख घालायची आणि ठरलेल्या जागी ठेवायची. मुदतीत कुणी ती वापरायला नेली नाही तर ती बाहेर जाते. यात भांडण होत नाही, कारण निर्णय माणूस देत नाही, तारीख देते. घरात मुदत वर्षाची ठेवावी, म्हणजे सगळे सण एकदा होऊन जातात आणि ‘गौरीला लागतं ते’ हा आक्षेप आपोआप तपासला जातो. मात्र एक नियम घरचा हवा: ज्याची वस्तू त्यानेच चिठ्ठी बांधायची. सासूबाईंच्या पितळी बंबाबद्दल सुनेने आणि मुलाच्या क्रिकेट किटबद्दल बापाने परस्पर ठरवू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारताना ‘हे टाकायचं का’ असं न म्हणता ‘हे कुणाला द्यावंसं वाटतं’ असं विचारलं तर उत्तर वेगळं येतं. भाचीकडे जाणारा पाळणा त्यांना चालतो, भंगारात जाणारा चालत नाही.

दिवस कोणता निवडावा? दसरा झाल्यावरचा ऑक्टोबर. पाऊस गेलेला असतो, ऊन कडक असतं, आणि दिवाळीची साफसफाई घरात चालू असल्यामुळे हात आणि मन दोन्ही तयार असतात. अंगणात ताडपत्री अंथरून सगळं बाहेर काढावं, खरोखर सगळं. खोली एकदा पूर्ण रिकामी दिसली की भिंतीवरची ओल, स्लॅबची गळती, वाळवीची रेघ सगळं समोर येतं. चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा एक हात त्याच दिवशी द्यावा. सामान बाहेर असताना जेवढं होतं तेवढंच होतं.

मांडणीसाठी भोकांच्या अँगलचं रॅक पुरेसं आहे. किराणा दुकानापासून सरकारी रेकॉर्ड रूमपर्यंत दिसणारा हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डेमिट्रियस कोमिनो यांच्या डेक्सियन कंपनीने बाजारात आणला. हवा तसा कापा, नट-बोल्टने जोडा, उद्या गरज बदलली तर उकलून पुन्हा जोडा. वरून भिंतीला पट्टीने जखडायला विसरू नये, नाहीतर वरच्या कप्प्यावर मूल लटकलं की सगळं अंगावर येतं. जड सामान तळाच्या कप्प्यात, पण जमिनीवर नाही. रोजचं कंबर ते खांदा या उंचीत. वर्षातून एकदा लागणारं आणि हलकं असेल ते माथ्यावर. पन्नास किलोची मिक्सरसकट भांड्यांची पेटी वरच्या फळीवरून उतरवताना कंबर धरते ती पुढचे सहा महिने सुटत नाही.

सणांच्या सामानाला मी कॅलेंडरचा क्रम देतो. पुढचा सण असेल त्याचा डबा पुढे. तो सण झाला की डबा सगळ्यात मागे जातो. गणपतीचं मखर, गौरीचे मुखवटे, दिवाळीचा आकाशकंदील, गुढीची काठी. थर्माकोलचं जुनं मखर अजून पडून असेल तर त्याचा आता उपयोग नाही, राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन खाचा पाडून त्यावर गुंडाळाव्यात आणि ठेवण्याआधी एकदा लावून बघाव्यात. बंद पडलेली माळ जपून ठेवण्यात आपण कमालीचे पटाईत आहोत.

चिंचवडच्या एका निवृत्त टूलरूम फिटरचं गॅरेज माझ्या पाहण्यात आहे. एका भिंतीवर प्लायचा फळा, पांढरा रंगवलेला. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या ऑइल पेंटने काढलेली: हॅकसॉ, तीन पक्कडी, रिंग पान्ह्यांची उतरती ओळ, हातोडी, ग्रीस गन. हत्यार खिळ्याला अडकवलं की आकृती झाकली जाते. एखादी काळी आकृती उघडी दिसली की काहीतरी जागेवर नाही हे दारातूनच कळतं. त्यांच्या कारखान्यात टूल स्टोअरमधून हत्यार घेताना पितळी बिल्ला जमा करावा लागे. ती रीत त्यांनी घरी आणली आहे. शेजाऱ्याने ड्रिल मशीन नेलं तर त्या खिळ्याला शेजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागते. खाली एका फळीच्या पोटाला जॅमच्या बरण्यांची झाकणं स्क्रूने पक्की केलेली आहेत. बरणी वर नेऊन फिरवली की ती तिथेच लटकते. एकीत फिशर, एकीत वॉशर, एकीत एक इंची खिळे. काच असल्यामुळे काय आहे ते दिसतं, आणि उघडायला एकच हात लागतो. नावाच्या पट्ट्यांवर त्यांनी घरातले शब्द लिहिले आहेत. ‘विविध’ किंवा ‘इतर’ नावाचा डबा त्यांच्याकडे नाही. अशा डब्यात सगळंच जातं, म्हणून त्यांनी तो ठेवलेला नाही.

बाहेर काढलेल्या ढिगाची नीट विल्हेवाट लावायची असेल तर त्याचे वेगवेगळे वाटे करावेत. लोखंड, पत्रा, वर्तमानपत्रं, बाटल्या भंगारवाल्याकडे. तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायची तर भावाची दोन ठिकाणी चौकशी करावी. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, बाबा आढाव यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. आपण वेगळा करून, स्वच्छ करून दिलेला पुठ्ठा आणि धातू कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात थेट पैसे देतो. ओल्यात मिसळून दिलेला देत नाही. चालू अवस्थेतली जुनी वस्तू पुण्यात बुधवारी, रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक शोधते. बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानातच परत द्यावी, २०२२ च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. संगणक, चार्जर, वायरींचं जंजाळ यांच्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत, तो अधिकृत संकलकाकडेच जावा. गल्लीत वायर जाळून तांबं काढतात तेव्हा तो धूर जाळणाऱ्याच्या पोराबाळांच्या छातीत जातो. ट्यूबलाइट आणि सीएफएल यांत पारा असतो, त्या फोडू नयेत. अर्धा उरलेला रंग असेल तर शेजारच्या शाळेच्या कुंपणाला लावून संपवावा.

एकदा लागलेलं गॅरेज वर्षभर तसंच राहावं असं वाटत असेल तर दोन वेळा तिथे जावं लागतं. एकदा दिवाळीआधी, लाल चिठ्ठ्या वाचायला. आणि एकदा मेअखेर, मोसमी पावसाचे ढग यायच्या आधी. त्या दिवशी शटरच्या पट्टीचं रबर तपासायचं, गटाराचं तोंड मोकळं करायचं, तळाच्या कप्प्याखाली हात घालून ओल बघायची, हत्यारांना तेल द्यायचं, भिंत आणि रॅक यांच्यामध्ये विजेरी मारून मातीची रेघ शोधायची. छत्र्या, रेनकोट, ताडपत्री पुढे काढून ठेवायची. जमलं तर त्याच दिवशी गाडी एकदा आत घालून, दार उघडून बघावं. दीड फूट मिळत नसेल तर रॅक एकाच भिंतीला लावावं आणि गाडी दुसऱ्या भिंतीला टेकवून उभी करावी, म्हणजे उरलेली सगळी जागा चालकाच्या बाजूला मिळते.